पाणीबाईंचा कॉम्प्युटर

माझी आत्या वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी एका सकाळी फोनवर म्हणाली, "मला कॉम्प्युटर घ्यायचाय. साधा. न रुसणारा. रविवारी ये."

मला वाटलं, माझ्या कानांतच काहीतरी बिघाड झाला. आत्याच्या घरी टीव्हीसुद्धा नव्हता. मोबाइल होता, पण बोलून झालं की ती तो पुसून ड्रॉवरमध्ये ठेवायची. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते, त्यामुळे घरात कुणाचं कुठलंही यंत्र अडलं की ते घोडं माझ्याच दारात येऊन उभं राहतं. पण आत्याचं कधी काही अडलं नव्हतं.

"कशाला हवाय गं?" मी विचारलं.

"नदी भरायचीय त्यात," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

आत्यानं अडतीस वर्षं नदीची उंची वाचली. तीच तिची नोकरी होती. गावच्या मोठ्या पुलाच्या तिसऱ्या खांबाला एक पट्टी ठोकलेली आहे, शाळेतल्या फुटपट्टीसारखी, पण तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच. सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच, अशा तिन्ही वेळा आत्या पुलाखालच्या पायऱ्या उतरायची, पाणी कुठल्या खुणेला टेकलंय ते बघायची आणि कचेरीतल्या रजिस्टरमध्ये लिहायची. पाणी चढायला लागलं की दर तासाला. पुलावरून जाणारे लोक वरून ओरडायचे, "पाणीबाई, आज किती?" आणि ती मान वर न करता आकडा सांगायची. तिचं लग्न दोनदा ठरत आलं होतं. दोन्ही स्थळं दूरच्या गावची. "मग आठ वाजताचं पाणी कोण बघणार?" असं तिनं विचारलं म्हणे, आणि माझ्या आजोबांनी कपाळाला हात लावला.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी कचेरीचं छत गळलं आणि तिनं भरलेलं आख्खं रजिस्टर भिजून शाईचा चिखल झाला. साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो, पाणीच ते. पाण्यानं नेलं." सगळे हसले. आत्या हसली नाही. तिनं आठवून आठवून जमेल तेवढं पुन्हा लिहून काढलं आणि त्या दिवसापासून प्रत्येक आकडा घरी आल्यावर स्वतःच्या वहीत पुन्हा उतरवायला लागली. वर्षाला एक वही. निवृत्त झाली तेव्हा कपाटात अडतीस वह्या होत्या. आम्ही भावंडं याला आत्याचा छंद म्हणायचो. कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी, आमची आत्या पाणी जमवते.

रविवारी गेले तेव्हा सगळा उलगडा झाला. पुलापलीकडे नदीकाठी नवी शाळा बांधायची होती. तिचं जोतं किती उंच घ्यायचं हे ठरवायला एक इंजिनीअरीण आली होती, तिशीच्या आतबाहेरची. आत्या निवृत्त झाल्यावर पुलावर उंची मोजणारं यंत्र बसवलं होतं, त्याचे फक्त नऊ वर्षांचे आकडे होते. त्याआधीची रजिस्टरं कचेरी हलवताना रद्दीत गेली होती. कुणीतरी म्हणालं, "पाणीबाईंना विचारा," म्हणून ती या घरी येऊन पोचली. कपाट उघडल्यावर ती म्हणे पाच मिनिटं नुसती उभी होती.

"मी या वह्या घेऊन जाऊ?" तिनं विचारलं.

"वह्या उंबरा ओलांडणार नाहीत. आकडे देईन."

"मग मी फोटो काढून नेते. आमची माणसं कॉम्प्युटरमध्ये भरतील."

आत्यानं एक वही उघडून एका आकड्याखाली बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"शाईचा डाग?"

"टिंब आहे ते. म्हणजे पावसात नीट दिसलं नाही, खात्री कमी. ही नागमोडी रेघ, म्हणजे लाटा होत्या, मधला आकडा धरलाय. आणि हा गोल म्हणजे मी आजारी होते, दुसऱ्यानं वाचलं, आकडा उसना." अडतीस वर्षांत असे गोल फक्त अकरा दिवस होते. "तुमची माणसं टिंबांना डाग समजणार. मीच भरते."

तर असं होतं हे नदी भरण्याचं प्रकरण. मी माझ्या परीनं तयारी करून आले होते. सहकाऱ्यांना विचारून यादी केली होती: पातळ, देखणा, स्क्रीनच्या पोटातच सगळं असलेला, बिनतारी कीबोर्डचा. आत्यानं यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड. चल, दुकानात जाऊन बघू."

दुकानात काचेच्या कपाटांत रंगीत दिवे लागलेले कॉम्प्युटर मांडले होते. दुकानदार मोठ्या अदबीनं पुढे आला. "या आजी. नातवंडांशी बोलायला हवाय ना? हा बघा, लेटेस्ट."

"आजी म्हणा, माझी ना नाही. पण मला सांगा, लिहिता लिहिता लाईट गेली तर काय काय जातं?"

दुकानदार जरा थबकला. "तशी जात नाही हो लाईट हल्ली..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं," आत्या म्हणाली. "लाईट जाते. आमच्या पुलाकडे तर नक्की जाते. काय जातं, ते सांगा."

त्याला नीट सांगता येईना. आत्याचं लक्ष तेवढ्यात दुकानाच्या मागच्या दाराकडे गेलं. आत एक माणूस मोठा गोल दिवा लावून, कपाळावर भिंग बांधून, उघड्या कॉम्प्युटरवर वाकला होता. तो दुकानाचा दुरुस्तीवाला. आत्या कुणाला न विचारता सरळ आत गेली आणि त्याच्या समोरच्या स्टुलावर बसली. मी तिच्या मागे, दुकानदार माझ्या मागे.

"तुमच्याकडे परत काय येत नाही?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"बाहेर एवढे विकले जातात. त्यांतले तुमच्याकडे दुरुस्तीला कुठले येत नाहीत?"

दुरुस्तीवाल्यानं भिंग वर सरकवलं आणि आत्याकडे नीट पाहिलं. नंतर तो मला म्हणाला, वीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मी हॉस्पिटलात रोज यंत्रांमध्ये वावरते, पण मलाही तो सुचला नव्हता. मी चकाकणाऱ्या वस्तू बघत होते, आणि ती मोडलेल्यांच्या खोलीत जाऊन चांगल्याचा पत्ता विचारत होती.

त्यानं कोपऱ्यातल्या एका काळ्या डब्याकडे बोट केलं. बुटका, चौकोनी, दिसायला अगदीच ओबडधोबड. "हा. बँका-कचेऱ्यांतून जातो. दिसायला काही नाही, पण वर्षानुवर्षं चालतो. येतो तो फक्त धूळ काढायला." आत्या म्हणाली, "उघडून दाखवा." त्यानं एक खिट्टी ओढली आणि पेटीचं झाकण निघावं तसं डब्याचं अंग बाजूला झालं. मग अर्धा तास तो दाखवत होता आणि ती बघत होती. हा पंखा, ही जाळी, दोन महिन्यांनी मऊ ब्रशनं साफ करायची. ही डिस्क, हिच्यात फिरणारं काही नाही म्हणून झिजणारंही काही नाही.

"आणि माझे आकडे कुठे राहणार?"

त्यानं त्याच डिस्ककडे, चॉकलेटच्या वडीएवढ्या हिरव्या तुकड्याकडे, बोट केलं. "यात."

"सगळे? अडतीस वर्षांचे?"

"आजी, तुमच्यासारख्या हजार जणींचे ठेवले तरी कोपरासुद्धा भरणार नाही."

आत्या बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिली. कपाटातल्या चार फळ्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या असणार. "हात लावू?" तिनं विचारलं. त्यानं मान डोलावल्यावर तिनं एका बोटाच्या टोकानं, झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावं तसा स्पर्श केला. "एवढ्यात मावते," ती पुटपुटली. "एवढ्याशात!"

शेवटी जे घेतलं ते असं: तो काळा डबा, वेगळा मोठा स्क्रीन, जाड अक्षरांचा तारेचा कीबोर्ड ("तार दिसली की कुठून कुठे गेलंय ते कळतं"), तारेचाच माउस, आकड्यांची एक प्रत बाहेर काढून ठेवायला छोटी डिस्क, आणि लाईट गेल्यावर दहा मिनिटं सगळ्याचा जीव धरून ठेवणारी बॅटरीची पेटी. दुकानदारानं रंगीत दिव्यांचा कीबोर्ड फुकट देऊ केला. "राहू द्या," आत्या म्हणाली, "माझ्या डोळ्यांना कमी दिसतं, अंधार नाही पडत."

घरी टेबल मांडण्यात एक दिवस गेला. खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडायला नको होता. खुर्चीवर बसून नदी मात्र दिसायला हवी होती. मी अक्षरं मोठी केली, उजव्या हाताच्या आकड्यांच्या बटणांवर तिचा हात बसवला, रकाने आखून दिले: तारीख, वेळ, उंची, खूण.

माउसनं मात्र तिला रडवलं. तिचा हात थरथरतो, त्यामुळे बाण स्क्रीनभर उड्या मारायचा. दोनदा दाबायचं तिथे ती एकदा दाबायची, एकदा दाबायचं तिथे तीनदा. "याला उंदीर म्हणतात ते बरोबरच आहे," ती चिडून म्हणाली. "दिसतो, पण हाती लागत नाही." तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यासमोरच डोळ्यांना पदर लावला. "अडतीस वर्षं पुरात पायऱ्या उतरले गं, आणि आता एका बाणाला भितेय." मग मी बाणाचा वेग अगदी कमी केला, दोन दाबांमधलं अंतर वाढवलं आणि जवळजवळ सगळी कामं बटणांनीच कशी होतात ते शिकवलं. चौथ्या दिवशी तिनं माउस बाजूला सारला आणि तो पुढे फारसा लागलाच नाही.

पण खरी भरणी सुरू करण्याआधी तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. पहिले दहा आकडे भरून झाले. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि सरळ प्लग उपटला.

"आत्या!" मी किंचाळले.

"थांब. बघू दे."

बॅटरीची पेटी टिटिट करत ओरडायला लागली. स्क्रीन तसाच उजळलेला. आत्या शांतपणे खुर्चीवर येऊन बसली, मी शिकवल्याप्रमाणे आकडे जपून ठेवायची बटणं दाबली, कॉम्प्युटर रीतसर बंद केला. मग प्लग लावून पुन्हा सुरू केला. दहाच्या दहा आकडे जागेवर होते. तिनं ते वहीशी ताडून पाहिले. एवढ्यावर न थांबता तिनं बॅटरीची पेटीही काढून ठेवली, अकरावा आकडा भरला आणि तो न जपताच पुन्हा प्लग उपटला. या वेळी सगळं एकदम काळं झालं. परत सुरू केल्यावर दहा आकडे होते, अकरावा गेला होता.

"कळलं," ती म्हणाली. "जपून ठेवलेलं जात नाही, हातातलं जातं. आता विश्वास ठेवायला हरकत नाही." बॅटरीची पेटी जागेवर गेली, आणि आत्यानं पहिली वही उघडली.

त्यानंतर सात महिने ती रोज दोनशे आकडे भरत होती. सकाळी शंभर, दुपारी शंभर. जास्त नाही, कमी नाही. दर शंभरानंतर वहीशी ताडून बघणं, दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत. मी महिन्यातून एकदा जायची. डब्याच्या जाळीवर धुळीचा कण दिसायचा नाही. पुराच्या वर्षांत दर तासाचे आकडे होते, तिथे वेळ लागायचा. एकदा मी विचारलं, "कंटाळा नाही येत?" तर म्हणाली, "अगं, सगळं पुन्हा दिसतं. हा बघ, हा बुधवार. या दिवशी पाण्यावरून एक लाकडी दरवाजा वाहत आला होता, कुलपासकट." आकडा होता एक मीटर नव्वद. मला फक्त आकडा दिसत होता.

शेवटची वही संपली तेव्हा आकडे बेचाळीस हजारांच्या वर गेले होते. इंजिनीअरीण आली. मीही सुट्टी काढून गेले. तिनं उंचीचा रकाना निवडला, दोन बटणं दाबली, आणि स्क्रीनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक निळी रेघ उमटली.

दरवर्षी चढणारी, दरवर्षी उतरणारी, अडतीस उंचवट्यांची रेघ. मी इतकी वर्षं माणसांच्या छातीचे फोटो काढतेय. पण श्वास घेणारी एक आख्खी नदी अशी समोर उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. आत्या खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. कुणी वडीलधारं खोलीत आल्यावर उठतात तशी. "मी हिला रोज तीनदा बघितलं," ती म्हणाली, "पण तुकड्यातुकड्यानं. ही अशी दिसते होय!"

इंजिनीअरिणीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती मोठे पूर मोजायला लागली. आत्या मात्र उंचवट्यांकडे बघतच नव्हती. ती रेघेच्या खालच्या बाजूला, उन्हाळ्यातल्या सपाट पाण्यावर, बोट फिरवत होती. मध्याच्या जरा पुढे तिचं बोट थांबलं.

"इथे पायरी आहे."

खरंच होती. तोपर्यंत दर उन्हाळ्यात रेघ एका उंचीवर टेकत होती, आणि तेविसाव्या वर्षानंतर किंचित खाली टेकायला लागली, ती कायमचीच.

"पाऊस कमी झाला असेल," इंजिनीअरीण म्हणाली.

"नदी अशी एका दिवसात खाली नाही जात हो." आत्या कपाटाकडे गेली. तेविसावी वही काढली, पूर ओसरल्यानंतरची पानं उलटली आणि एका ओळीशी थांबली. तिचा चेहरा उतरला. वही तिनं आमच्यापुढे धरली. बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पुरात पट्टी वाहून गेली. आज नवी बसवली. जुन्या भोकांत सिमेंट. चार बोटं वर बसली आहे. साहेबांना सांगितलं. चालतंय म्हणाले.'

"मी सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "पण मग पट्टी दाखवेल ते लिहीत राहिले. मनानं आकडा बदलायचा नाही, हा माझा नियम. आणि हळूहळू मीच विसरले. चूक माझीही आहे."

पट्टी वर गेली, म्हणजे आकडा खाली आला. आणि निवृत्तीनंतर बसवलेलं यंत्र याच पट्टीवरून लावलेलं होतं. म्हणजे यंत्रही नऊ वर्षं कमीच सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी पुलाखाली गेलो. आत्या पायऱ्या मोजत उतरली, माझा हात न धरता. पट्टीच्या कडेला शेवाळ होतं. तिनं ते खराट्यानं खरवडलं आणि दगडात बुजवलेल्या जुन्या भोकांचे दोन करडे गोल वर आले. इंजिनीअरिणीनं जुन्या भोकापासून नव्या खिळ्यापर्यंत टेप लावला. सात सेंटिमीटर. आत्यानं त्या अंतरावर स्वतःची चार बोटं आडवी ठेवली. बरोबर मावली.

पुढच्या गोष्टी कागदोपत्री झाल्या, पण झाल्या. यंत्र पुन्हा लावलं गेलं. आत्याच्या आकड्यांवरून शाळेचं जोतं आधी ठरलं होतं त्यापेक्षा दीड हात वर घेतलं. त्यातली चार बोटं त्या एका ओळीची. कचेरीतून तिच्या नावानं आभाराचं पत्र आलं, ते तिनं अडतिसाव्या वहीत घालून ठेवलं.

मग एक दिवस इंजिनीअरिणीचा फोन आला. नदीच्या वरच्या अंगाला, साठ-सत्तर मैलांवर, दुसऱ्या एका पुलाशी पट्टी वाचणारा एक म्हातारा सापडला होता. ऐंशी पार. त्याच्याकडेही वह्या होत्या. त्याही त्याचा उंबरा ओलांडणार नव्हत्या. आत्या खळखळून हसली. "शहाणा आहे," म्हणाली. "मला त्यांचा नंबर द्या."

आता रोज दुपारी चार वाजता मोबाइल ड्रॉवरमधून बाहेर येतो, स्पीकरवर टेबलावर बसतो. तिकडे ते वाचतात, इकडे आत्या भरते. त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत. खात्री नसली की ते फुली मारतात. पहिल्या आठवड्यात दोघं एकमेकांशी फार अदबीनं बोलायचे. आता भांडतात.

गेल्या महिन्यात मी तिथे असताना एका मोठ्या पुराचे त्यांचे आकडे भरून झाले. आत्यानं मला त्यांची रेघ लाल करायला सांगितली आणि आपली निळी तिच्या खाली आणायला सांगितली. मी दोन्ही एकाच स्क्रीनवर आणल्या. लाल रेघ चढली, टोकाला गेली, उतरली. आणि तिच्या मागोमाग, सोळा तासांनी, निळी रेघ तशीच चढली, तशीच टोकाला गेली, तशीच उतरली. तेच पाणी.

"ऐकताय का हो?" आत्या फोनकडे वाकली. "तुमच्याकडे शिखर कधी झालं?"

"संध्याकाळी सहाला," पलीकडून आवाज आला. "मी उभा होतो तिथे. पायऱ्यांवर गुडघाभर पाणी होतं."

"माझ्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. मीही उभी होते."

पलीकडे म्हातारबुवांनी घसा साफ केला.

"पोचलं म्हणायचं," ते म्हणाले. "बरं, लिहून घ्या पुढचं. गुरुवार, सकाळी आठ."